रविवारचं सरकार

माझं एक मत आहे. ज्याला प्रश्नांची उत्तरं मिळतात त्याच्याकडे किस्से साठत नाहीत. उत्तर मिळालं की विषय संपला, माणूस घरी जाऊन जेवतो. आम्ही भाऊसाहेबांच्या बैठकीत बसून वर्षानुवर्षं सरकारला प्रश्न विचारले आणि सरळ उत्तर जवळजवळ एकाचंही मिळालं नाही. त्यामुळे किश्श्यांची ददात नाही. आजही चार माणसं जमली, चहा आला की कोणी तरी म्हणतंच, "मुन्शीजी, ते सरकारचं सांगा." मग मी थोडे आढेवेढे घेतो. आढेवेढे घेणंही मी सरकारकडूनच शिकलो.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या बऱ्हाणपूरचे वकील. इंग्रजांच्या अमदानीत ते दिल्लीच्या असेंब्लीवर निवडून गेले. मी त्यांचा कारकून. टायपिंग माझं, टपाल माझं, आणि त्यांचा चष्मा कुठे आहे हे लक्षात ठेवणंही माझ्याकडेच. तेव्हा आजच्यासारखे मंत्री नव्हते. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले मेंबर आणि खात्यांचे सेक्रेटरी सरकारी बाकांवर बसायचे आणि निवडून आलेल्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे. भाऊसाहेबांनी एकदा मेंबर, सेक्रेटरी आणि मंत्री यांतला फरक बैठकीत समजावून सांगायला घेतला. जरीचे व्यापारी हिरालाल शेठ लोडाला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "सोडा ना भाऊसाहेब. जो जवाब नाही देत तो मंत्री, बस." तेव्हापासून आमच्याकडे ते सगळे मंत्रीच.

*

भाऊसाहेब निवडून आले त्या आठवड्यात बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोणाची तक्रार तापीवरच्या राजघाटाच्या पायऱ्या निसरड्या झाल्याची, कोणाची शाहपूरच्या रस्त्यावर गाड्या रुततात याची, कोणाच्या गल्लीतलं गटार तुंबलेलं. भाऊसाहेब मांडीवर नियमांचं पुस्तक घेऊन बसले होते. एकेक तक्रार ऐकायची, पान उलटायचं आणि मान हलवायची. पायऱ्या नगरपालिकेच्या. रस्ता नागपूरच्या सरकारचा. दिल्लीला विचारता येतं ते रेल्वेचं, टपालाचं, जकातीचं, फौजेचं आणि परदेशांचं.

गटारवाले एक शाळामास्तर होते. ते चांगलेच तापले. म्हणाले, आम्ही मत दिलं ते काय असं पुस्तक चाळायला?

भाऊसाहेबांनी चष्मा काढला आणि फार नम्रपणे सांगितलं, "मास्तर, गटार माझ्या हातात नाही हो. माझ्याकडे फक्त जग आहे."

मास्तर तिथून उठले ते थेट नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले. निवडूनही आले. गटार मात्र आहे तिथेच आहे.

*

जग हाती आल्यावर त्याचा पहिला उपयोग हिरालाल शेठनी करून घेतला.

शेठचा जरीचा माल काबूलपर्यंत जायचा. तिकडचे सरदार लोक फेट्याला बऱ्हाणपुरी जरीचे काठ लावत. मग काबूलचा राजा बदलला आणि ऑर्डर थांबली. शेठ दोन दिवस जेवले नाहीत. त्यांच्या कानावर आलं होतं की तिकडे आता साहेबी टोपीचं वेड शिरलंय. टोपी आली तर फेटा गेला, फेटा गेला तर काठ गेला. कारागीर बसून होते. काठ विणत राहायचे की टोपीवर चिकटवायची बारीक पट्टी करायला घ्यायची, हे ठरेना.

त्या अधिवेशनात भाऊसाहेबांचा प्रश्न काबूलबद्दलच होता. नव्या राजवटीबद्दल सरकारचं धोरण काय? परराष्ट्र खात्याचे गोरे सेक्रेटरी उठले आणि म्हणाले, सरकार परिस्थितीकडे लक्ष ठेवून आहे. असं उत्तर आलं की मेंबराला त्यावर उपप्रश्न विचारता येतो. भाऊसाहेबांनी विचारला, "नवे राजे फेटा बांधतात की टोपी घालतात?"

सभागृह हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी शेजारच्याच्या कानात काही विचारलं, त्याने मागच्याला विचारलं आणि शेवटी साहेब म्हणाले की या प्रश्नाला आधी नोटीस हवी. आता दुसरा कोणी असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं. भाऊसाहेबांनी रीतसर नोटीस दिली. पुढे केव्हा तरी लेखी उत्तर आलं, सरकारी शिक्क्यासह. उपलब्ध माहितीनुसार समारंभप्रसंगी फेटा, एरवी टोपी.

भाऊसाहेबांच्या सगळ्या कारकिर्दीत परराष्ट्र खात्याने दिलेलं हे एकमेव सरळ उत्तर. ते घेऊन मी धावत शेठच्या पेढीवर गेलो. शेठनी कागद दोनदा वाचून घेतला आणि कपाळावर हात मारला. वाट बघून बघून त्यांनी आदल्याच आठवड्यात सगळे काठ कापून टोप्यांच्या पट्ट्या केल्या होत्या.

*

आता सुंदराबाईबद्दल सांगायला हवं. हा किस्सा नाही. पण ही बाई माहीत नसेल तर पुढचं कळायचं नाही.

जसोंडीची विधवा बाई. थोडा कापूस, तापीच्या अंगाला थोडी केळी. एकच मुलगा, गणपत. तो इथल्या जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत पारखायचा. मूठभर कापूस हातात घेऊन, तंतू ओढून, कोणत्या गावचा आहे तेही सांगायचा. मुंबईच्या एका कंपनीने त्याची बोटं हेरली आणि त्याला जपानात कोबे बंदरावर नेलं. आपला कापूस तिकडे उतरतो, तो पारखायला आपलाच माणूस हवा म्हणून. दोन वर्षं त्याची पत्रं येत होती. मग बंद झाली. कंपनी म्हणाली, तो नोकरी सोडून गेला, कुठे गेला ते ठाऊक नाही.

एका रविवारी ती बैठकीच्या दाराशी येऊन बसली. आत या म्हटलं तर आली नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाली, "भाऊसाहेब, तुमी दिल्लीले सरकारले काईबी इचारता म्हणे. मंग माहा पोरगा जिता हाये का नाही, येवढं इचारा."

फेट्याचं विचारणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणता येईल? भाऊसाहेबांनी त्याच दिवशी प्रश्न सांगितला आणि मी टाइप केला. (अ) जसोंडी गावचा गणपत नावाचा तरुण कोबे बंदरात कामास होता हे सरकारला माहीत आहे काय? (ब) असल्यास, तो सध्या कोठे आहे? (क) नसल्यास, का नाही? हा (क) भाऊसाहेबांचा फार आवडता. तो ते प्रत्येक प्रश्नाला जोडायचे.

उत्तर आलं. (अ) सरकारला माहिती नाही. (ब) व (क) प्रश्न उद्भवत नाही.

भाऊसाहेबांनी तिला पहिलंच वाक्य सांगितलं. उद्भवत नाही, हे काही त्यांच्या तोंडून निघेना. तिने एवढंच विचारलं, सरकार तो मेला म्हणतंय का? नाही, भाऊसाहेब म्हणाले, माहीत नाही म्हणतंय. "मंग इचारत राहा," असं म्हणून ती उठली. पुढे दर अधिवेशनात विचारलं, दर अधिवेशनात तेच उत्तर आलं आणि दर रविवारी ती येत राहिली. मला तिची थोडी भीती वाटायची, खरं सांगतो.

*

भाऊसाहेबांची तयारी करायची एक पद्धत होती. दिल्लीला जाण्यापूर्वी दर रविवारी बैठकीत तालीम व्हायची. भाऊसाहेब उभे राहून प्रश्न विचारणार, बाकीचे विरोधी बाकांवर, म्हणजे सतरंजीवर, आणि समोर स्टुलावर एकटं सरकार. सरकार मी.

मी वाईट सरकार नव्हतो. आता स्वतःच्या तोंडाने काय सांगायचं, पण दिल्लीचे छापील अहवाल वाचून वाचून मला असा हात बसला होता की भाऊसाहेबांनी काहीही विचारावं, मी उठणार, घसा साफ करणार आणि म्हणणार, "सरकारला माहिती नाही." फारच खनपटीला बसले तर, "माहिती गोळा करण्यात येत असून ती यथावकाश पटलावर ठेवण्यात येईल." हिरालाल शेठ मांडीवर थाप मारायचे. म्हणायचे, मुन्शीजी, तुम्हाला तर दिल्लीवालेच घेऊन जातील.

वाईट हे झालं की सवय अंगाला चिकटली. एकदा घरी आलो तर बायकोने विचारलं, बाजारातून वांगी आणायला सांगितली होती, आणली का? मी विसरलो होतो. पण तोंडातून गेलं, "माहिती गोळा करण्यात येत आहे."

ती आत गेली. जेवायला बसलो तर समोर पाट, पाण्याचा तांब्या आणि घासूनपुसून लख्ख केलेलं रिकामं ताट. मी तिच्याकडे बघितलं.

"जेवण गोळा करण्यात येत आहे," ती म्हणाली. "यथावकाश पटलावर येईल."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्या समोरच्या बाकांवर बसणाऱ्यांना कसं वाटत असेल.

*

सुंदराबाई तालमी दाराशी बसून बघायची. तिला सगळं समजत होतं. हे खोटं सरकार आहे, हा वकिलाचा मुन्शी आहे, मागच्या गल्लीत राहतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी एके दिवशी ती फडक्यात बांधलेली केळी घेऊन आली, माझ्या स्टुलापाशी ठेवली आणि म्हणाली, "सरकार, खाऊन घे. अन् सांगून टाक."

बैठक हसली. मीही हसलो. पण तिच्यापुढे मला ते केळं सोलवेना. भूमिकेत राहून मी म्हणालो, "बाई, सरकारला माहिती नाही."

ती तिथेच उभी राहिली. रागावली नव्हती, खरोखर विचारात पडली होती. मग म्हणाली, "कोणाले इचारलं मंग तू?"

मी पुन्हा घसा साफ केला.

"नाही, माहीत नाही म्हणतं ना तू. मंग कोणाले तरी इचारलं असशीन, तो नाही म्हणला असंन. कोणाले इचारलं?"

भाऊसाहेब ताडकन उठले, त्यांचा चष्मा सतरंजीवर पडला. ते म्हणाले, "मुन्शी, लिहून घे. हा उपप्रश्न आहे!"

असेंब्ली वर्षातून एकदा शिमल्याला भरायची. तिथल्या अधिवेशनात भाऊसाहेबांनी तो तसाच विचारला. साहेब नेहमीप्रमाणे उठून म्हणाले, माहिती नाही. भाऊसाहेब म्हणाले, या निष्कर्षाला येण्यापूर्वी सरकारने कोणाकडे चौकशी केली? साहेबांनी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. त्यांना सांगावं लागलं की चौकशी करू.

म्हणजे आजवर केलीच नव्हती. सभागृहाचा छापील अहवाल आला तेव्हा मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मला स्वतःचीच लाज वाटली, जणू मीच त्या पोराला शोधायचा राहिलो होतो.

*

पुढच्या खेपेला सरकार सावध झालं. भाऊसाहेबांचा प्रश्न नामंजूर होऊन परत आला. परक्या राज्याशी असलेल्या संबंधांना हात लागतो, सबब विचारता येणार नाही.

भाऊसाहेब तीन दिवस कोर्टात गेले नाहीत. नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे वाचलं. चौथ्या दिवशी त्यांनी टपाल खात्याला प्रश्न टाकला. परराष्ट्राचं नाव नाही, गणपतचं नाव नाही. बऱ्हाणपूरच्या पोस्टातून कोबे बंदराला गेलेल्या पत्रांपैकी गेल्या दोन वर्षांत पत्ता न सापडल्याने किती परत आली?

टपालवाले साहेब भोळे होते. त्यांना यात काही दिसलं नाही. त्यांनी सांगून टाकलं, एकही नाही.

ती सगळी पत्रं सुंदराबाईची होती, माझ्या हातची. ती सांगायची, मी लिहायचो, गणपतच्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर टाकायचो. माणूस तिथे नसेल तर पत्र कधी तरी परत यायला हवं. भाऊसाहेबांनी तिला हे समजावून सांगितलं आणि मग हळूच म्हणाले, फार आशा धरू नका, गहाळही झाली असतील.

"गहाळ येक व्हते, दोन व्हतात," ती म्हणाली. "सारीच नाही व्हत. कोणी तरी वाचून राह्यलं."

वाचत कोण होतं, हे आम्हाला लवकरच कळलं.

*

महिन्याभरात बैठकीत एक नवा माणूस यायला लागला. आपण इंदूरकडचे कापडाचे व्यापारी, भाऊसाहेबांची कीर्ती ऐकून आलो, असं त्याने सांगितलं. हिरालाल शेठनी त्याच्यापुढे एक तागा टाकला. त्याने लांबूनच बघून मान डोलावली. तो गेल्यावर शेठ म्हणाले, "पोलीस आहे. कापडवाला कापड पहिले चिमटीत धरतो, मग बघतो. हा नुसता बघतो."

आम्ही त्याला काही कळू दिलं नाही. उलट तालमीत चांगली पुढची जागा दिली. बिचारा वहीत सगळं उतरवून घ्यायचा. मी स्टुलावरून उठून काबूलचं धोरण सांगितलं की तेही घ्यायचा.

मग खंडव्याहून मला बोलावणं आलं. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचं. बायकोने देवाला नारळ बोलला. भाऊसाहेब म्हणाले, विचारतील तेवढंच बोल.

साहेबांच्या पुढ्यात कागद होता. त्यांनी तो मला वाचून दाखवला. बऱ्हाणपुरात दर रविवारी एक सरकार भरतं. त्याचा प्रमुख एक मुन्शी आहे. तो स्टुलावर बसतो आणि काबूल, जपान वगैरे देशांबद्दलची धोरणं जाहीर करतो. लोक त्याला प्रश्न विचारतात आणि फळं आणून देतात.

साहेबांनी कागद खाली ठेवला आणि हिंदुस्थानीत विचारलं, "तुम सरकार हो?"

मी म्हणालो, "हुजूर, सिर्फ इतवार को."

साहेबांच्या मिशीत काही तरी हललं. त्यांनी विचारलं, रविवारी तू काय उत्तर देतोस? मी खरं ते सांगितलं. जास्तीत जास्त वेळा, सरकारला माहिती नाही, असंच म्हणतो.

"ठीक है," साहेब म्हणाले. "पॉलिसी तो वही है." आणि मला जायला सांगितलं.

मी दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी परत बोलावलं. हसू गेलं होतं. त्या म्हातारीला मुलाचं पत्र कधी आलं का? हल्ली? दुसऱ्या कोणाच्या नावाने? तिसऱ्यांदा त्यांनी तेच जरा वेगळ्या शब्दांत विचारलं. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं आणि ते खरंच होतं.

घरी येऊन भाऊसाहेबांना सगळं सांगितलं. सरकार आणि फळं ऐकून ते पोट धरून हसले. शेवटचं ऐकून मात्र त्यांनी चष्मा काढून ठेवला. ज्याला काहीच माहीत नाही तो माणूस एकच गोष्ट तीनदा विचारत नाही, हे वकिलाला सांगावं लागत नाही. सुंदराबाईची पत्रं वाटेत सरकारच वाचत होतं, हेही आता कळलं.

*

त्या हिवाळ्यात भाऊसाहेब मला दिल्लीला घेऊन गेले. म्हणाले, ज्याचं काम इतकी वर्षं करतोस त्याला एकदा बघ तरी.

मी वरच्या गॅलरीत बसलो. खाली ते परराष्ट्रवाले साहेब. मला वाटलं होतं आडदांड माणूस असेल. हा किडकिडीत, सर्दी झालेला, सारखा रुमाल शोधणारा. उठताना घसा मात्र अगदी माझ्यासारखाच साफ करायचा. भाऊसाहेबांनी या खेपेला प्रश्न अशा बेताने लिहिला होता की जपानचं नावही नको. आमच्या जिल्ह्यातल्या, परदेशी गेलेल्या आणि पत्रव्यवहार तुटलेल्या एका तरुणाबद्दल आपण चौकशी करू म्हणाला होतात, तिचं काय झालं?

साहेब उठले. माझे ओठ आपोआप हलायला लागले. सरकारला माहिती नाही. शेजारचा गृहस्थ माझ्याकडे बघायला लागला.

पण साहेब ते बोललेच नाहीत. ते म्हणाले, "सरकारकडे माहिती आहे. परंतु ती उघड करणं सार्वजनिक हिताचं नाही."

भाऊसाहेबांनी एकामागून एक उपप्रश्न टाकले. कोणत्या देशात आहे? मोकळा आहे की कैदेत? आईला तरी सांगाल का? प्रत्येक वेळी साहेब उठून तेच वाक्य म्हणाले. शेवटी अध्यक्षांनी भाऊसाहेबांना खाली बसवलं. त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत ते झोपले नाहीत की जेवले नाहीत. माझ्याकडून कागद घेऊन पुढच्या अधिवेशनाचे उपप्रश्न लिहीत होते. भोपाळ येईपर्यंत बारा प्रश्न झाले. मध्येच थांबून म्हणायचे, "तिला काय सांगू रे? इतकी वर्षं निदान माहीत नाही म्हणत होते. आता माहीत असून सांगत नाहीत. हे कोणत्या तोंडाने सांगू?" सरकार म्हणून मला पुष्कळ सुचायचं, मुन्शी म्हणून सुचेना.

रविवारी ती आली. त्या दिवशी तालीम नव्हती, स्टूल भिंतीशी ठेवलेलं होतं. हिरालाल शेठ होते, आणखी दोघे-चौघे होते. भाऊसाहेब स्वतः उठून दाराशी गेले आणि तिच्यासमोर खाली बसले. फार सांभाळून, एकेक शब्द करून त्यांनी तिला उत्तर सांगितलं. आणि लगेच म्हणाले, मला क्षमा करा, मी कमी पडलो.

ती त्यांच्याकडे बघत होती. म्हणाली, "पयले माहीत नाही म्हणत व्हते. आता माहीत हाये म्हणे?"

"हो."

"अन् सांगत नाहीत?"

"नाही."

तिने पदराची गाठ सोडली. आत गुळाचा खडा होता, येता-जाता तोंडात टाकायला बांधून आणलेला. तो तिने उंबऱ्यावर फोडला आणि पहिला तुकडा भाऊसाहेबांच्या तळहातावर ठेवला. भाऊसाहेबांना काही कळेना. ते तुकडा तसाच धरून बसले.

"मेलेल्याचं कोणी लपवते का?" सुंदराबाई म्हणाली.

शेठनी मान खाली घातली. ती उठून एकेकाच्या हातावर गूळ ठेवत गेली, मलाही दिला. भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. त्यांनी घाईघाईने खिशातून गाडीत लिहिलेले कागद काढले. म्हणाले, आता मी यांना सोडत नाही, पुढच्या अधिवेशनाची नोटीस कालच टाकलीय, बारा उपप्रश्न तयार आहेत, तो कुठे आहे ते वदवून घेतो की नाही बघा.

तिने त्या कागदांवर हात ठेवला.

"आता नका इचारू, भाऊसाहेब. तुमी त्याहिले इचारान, ते त्याले इचारतीन."

खंडव्याच्या साहेबांनी तीनदा विचारलेला प्रश्न भाऊसाहेबांना आठवला असावा; गणपतचा माग सरकारलाही हवा होता. मग त्यांनी कागदांची घडी घातली, गूळ तोंडात टाकला आणि मला मशीनवर कागद चढवायला सांगितला. मी चढवला. ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. असेंब्लीच्या सेक्रेटरीस, कालच्या नोटिशीतला प्रश्न मी मागे घेत आहे.

याआधी भाऊसाहेबांनी कधी प्रश्न मागे घेतल्याचं मला आठवत नव्हतं. मी म्हणालो, ते कारण विचारतील.

"लिही," भाऊसाहेब म्हणाले, "सार्वजनिक हित."